विमानोड्डाणाच्या उंचीवरील विश्वकिरण आणि मानवी प्रारण-मात्रेचे अनुमान

सारांश

प्रवासी विमाने साधारणतः १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात. या उंचीवर विश्वकिरणांमुळे मानवी शरीराला मिळणारी प्रारण-मात्रा समुद्रसपाटीवरील मात्रेच्या अनेक पटींनी अधिक असते. ही मात्रा व्यक्तीगणिक मोजली जात नाही. ती गणिताने अनुमानिली जाते. प्रस्तुत लेखात या अनुमानाचा भौतिक आधार, गणनेची पद्धती आणि तिच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत. अनुमानित आकड्यात निसर्गनियमांचा वाटा किती आणि तज्ज्ञांनी ठरविलेल्या संकेतांचा वाटा किती, हे समजल्याशिवाय त्या आकड्याचा योग्य उपयोग करता येत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

बीजसंज्ञा : विश्वकिरण, परिणामी मात्रा, भूचुंबकीय उंबरठा, न्यूट्रॉन, विमानकर्मी

१. प्रस्तावना

रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात किंवा अणुऊर्जा केंद्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या छातीवर एक लहानसा बिल्ला लावलेला असतो. ठरावीक काळाने तो तपासला जातो आणि त्या कर्मचाऱ्याला किती प्रारण-मात्रा मिळाली याची नोंद होते. वैमानिकाच्या किंवा विमानातील सेवाकर्मींच्या गणवेशावर असा बिल्ला सहसा दिसत नाही. तथापि लांब पल्ल्याच्या मार्गांवर काम करणाऱ्या विमानकर्मींना वर्षाकाठी मिळणारी मात्रा सामान्यतः २ ते ५ मिलिसीव्हर्ट इतकी असते आणि ती क्ष-किरण विभागातील पुष्कळशा कर्मचाऱ्यांच्या मात्रेपेक्षा अधिक भरते.

येथे दोन प्रश्न उपस्थित होतात. बिल्ला नसताना ही मात्रा ठरविली कशी जाते? आणि अशा रीतीने ठरविलेल्या आकड्यावर कितपत विसंबावे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना कणभौतिकी, भूचुंबकत्व, सौरविज्ञान, जीवशास्त्र आणि श्रमविषयक कायदा अशा परस्परांपासून दूर वाटणाऱ्या विषयांची सांगड घालावी लागते. म्हणून हा विषय केवळ भौतिकशास्त्राच्या अध्यापकांपुरता मर्यादित राहत नाही.

२. विश्वकिरणांचे स्वरूप

विसाव्या शतकाच्या आरंभी हवेतील आयनीभवनाचे कारण जमिनीतील किरणोत्सारी द्रव्ये हेच असावे, असा समज होता. तसे असते तर उंच जावे तसे आयनीभवन कमी व्हावयास हवे होते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी ७ ऑगस्ट १९१२ रोजी बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंची गाठली. आरंभी किंचित घटलेले आयनीभवन पुढे वाढत जाऊन भूपृष्ठावरील प्रमाणाच्या कित्येक पट झाल्याचे त्यांना आढळले. भेदक प्रारण वरून, पृथ्वीबाहेरून येत आहे हा त्यांचा निष्कर्ष होता. या शोधाबद्दल त्यांना १९३६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आकाशगंगेतून पृथ्वीकडे येणाऱ्या या प्राथमिक विश्वकिरणांत प्रोटॉनांचे प्रमाण सुमारे ८५ ते ९० टक्के असते. उरलेल्या भागात मुख्यतः हेलियमची अणुकेंद्रे आणि अत्यल्प प्रमाणात जड अणुकेंद्रे व इलेक्ट्रॉन असतात. हे कण वातावरणातील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि न्यूट्रॉन, प्रोटॉन, पायॉन, म्युऑन, इलेक्ट्रॉन व गॅमा किरण यांचा दुय्यम वर्षाव निर्माण होतो. इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरणांचा हा वर्षाव कसा वाढत जातो याचा सिद्धांत होमी भाभा आणि वाल्टर हाइट्लर यांनी १९३७ मध्ये मांडला. पुढे भाभांनीच १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरण हा संशोधनाचा एक प्रमुख विषय ठरला.

विमानातील व्यक्तीच्या शरीरापर्यंत पोहोचतात ते प्रामुख्याने हे दुय्यम कण होत. विमानाच्या पातळ धातुकवचाने त्यांना फारसा अडथळा होत नाही. शिशाचे अस्तर लावून हा प्रश्न सोडविता येईल अशी समजूत आढळते. परंतु अतिउच्च ऊर्जेचे कण जड धातूवर आदळून आणखी दुय्यम कण निर्माण करतात, शिवाय तेवढे वजन घेऊन विमान उडणेच अशक्य होईल.

३. मात्रा ठरविणारे घटक

विमानातील मात्रेचा दर उंची, भूचुंबकीय स्थान आणि सूर्याची अवस्था या तीन घटकांवर अवलंबून असतो.

उंची : समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम हवेचा भार असतो. हे आवरण दहा मीटर जाडीच्या पाण्याच्या थराइतके संरक्षण देते. बारा किलोमीटर उंचीवर मात्र डोक्यावर सुमारे २०० ग्रॅम हवाच उरते, म्हणजे संरक्षण दोन मीटर पाण्याइतके राहते. समुद्रसपाटीवर विश्वकिरणांच्या मात्रेचा दर ताशी सुमारे ०.०४ मायक्रोसीव्हर्ट असतो, तर विमानाच्या उंचीवर तो स्थलपरत्वे ताशी २ ते ६ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास जातो. ही वाढ अमर्याद नसते. सुमारे २० किलोमीटर उंचीवर दुय्यम कणांची संख्या कमाल होते आणि त्यानंतर घटू लागते. या कमाल पातळीला रेगेनर आणि फोट्झर या जर्मन शास्त्रज्ञांची नावे दिली आहेत. स्वनातीत काँकॉर्ड विमान १८ किलोमीटरपर्यंत उंचीवरून, म्हणजे या पातळीच्या जवळून उडत असे. त्यामुळे २००३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यात प्रारणमापक बसविलेला असे.

भूचुंबकीय स्थान : १९२७ च्या सुमारास डच शास्त्रज्ञ याकोब क्ले यांना जावा ते नेदरलँड्स या सागरी प्रवासात विषुववृत्ताजवळ विश्वकिरणांची तीव्रता कमी झाल्याचे आढळले. आर्थर कॉम्प्टन यांच्या जगभर केलेल्या मापनांनी १९३० नंतरच्या वर्षांत त्याला पुष्टी मिळाली. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना वळविते. ध्रुवांजवळ कण चुंबकीय रेषांच्या अनुरोधाने सहज आत येतात. विषुववृत्ताजवळ त्यांना रेषा छेदून यावे लागते. म्हणून प्रत्येक स्थानासाठी कणांच्या संवेग व विद्युतभार यांच्या गुणोत्तराची एक किमान मर्यादा ठरते. तिला भूचुंबकीय उंबरठा म्हणता येईल. ध्रुवांजवळ हा उंबरठा जवळजवळ शून्य असतो, तर दक्षिण भारतावर तो सुमारे १७ गिगाव्होल्ट, म्हणजे जगातील कमाल मूल्यांपैकी आहे. परिणामी, एकाच उंचीवर भारतीय द्वीपकल्पावरून उडणाऱ्या विमानात मात्रेचा दर उत्तर अटलांटिकवरील दराच्या निम्म्याच्या आसपास असतो. मुंबईहून उत्तर अमेरिकेकडे निघालेले विमान जसजसे उत्तरेकडे सरकते तसतसा हा उंबरठा खाली येतो आणि दर वाढत जातो.

सूर्याची अवस्था : सूर्य जितका सक्रिय तितकी मात्रा अधिक, असा सर्वसाधारण तर्क केला जातो. प्रत्यक्षात आकाशगंगेतून येणाऱ्या विश्वकिरणांच्या बाबतीत स्थिती याच्या उलट असते. सक्रिय सूर्यापासून निघणारा चुंबकीय सौरवात या किरणांना ग्रहमालेच्या अंतर्भागात येण्यास अडथळा करतो. त्यामुळे सुमारे अकरा वर्षांच्या सौरचक्रात सौरडाग कमाल असताना विमानातील मात्रा किमान, तर सौरडाग किमान असताना मात्रा कमाल होते. हा फरक उच्च अक्षांशांवर ठळक आणि विषुववृत्ताजवळ अल्प असतो. फिनलंडमधील ओउलूसारख्या ठिकाणच्या न्यूट्रॉन मापक केंद्रांच्या दीर्घकालीन नोंदींवरून ही स्थिती सतत कळत राहते.

४. कणांच्या संख्येकडून मानवी मात्रेकडे

विशिष्ट स्थानी, विशिष्ट ऊर्जेचे किती कण आहेत हे कळले तरी शरीराला होणारी संभाव्य हानी आपोआप कळत नाही. त्यासाठी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी शोषित मात्रेची : प्रत्येक किलोग्रॅम ऊतकात किती ज्यूल ऊर्जा जमा झाली. तिचे एकक ग्रे होय. ही शुद्ध भौतिक राशी आहे.

दुसऱ्या पायरीवर प्रारणाच्या प्रकारानुसार भारगुणक लावला जातो. तेवढीच ऊर्जा गॅमा किरणांनी विरळपणे दिली आणि न्यूट्रॉनांनी ऊतकातील अणुकेंद्रांना धक्का देऊन दाटीने दिली, तर पेशींवरील परिणाम सारखा होत नाही. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २००७ मध्ये स्वीकारलेल्या शिफारशींनुसार गॅमा किरण, इलेक्ट्रॉन व म्युऑन यांचा भारगुणक १, प्रोटॉनांचा २, तर न्यूट्रॉनांचा ऊर्जेनुसार सुमारे २.५ ते २० असा बदलता आहे. तिसऱ्या पायरीवर निरनिराळ्या अवयवांच्या संवेदनशीलतेनुसार भार देऊन सर्वांची बेरीज केली जाते. ही बेरीज म्हणजे परिणामी मात्रा. तिचे एकक सीव्हर्ट होय.

परिणामी मात्रा कोणत्याही उपकरणाने थेट मोजता येत नाही. शरीरातील प्रत्येक अवयवात मापक बसविणे शक्य नाही, आणि भारगुणक हे निसर्गात आढळणारे स्थिरांक नसून जीवशास्त्रीय पुराव्याच्या आधारे तज्ज्ञांनी मान्य केलेले संकेत आहेत. याचा प्रत्यय १९९० च्या आणि २००७ च्या शिफारशींची तुलना केल्यास येतो. आयोगाने प्रोटॉनांचा भारगुणक ५ वरून २ वर आणला आणि कमी ऊर्जेच्या न्यूट्रॉनांचा भारही घटविला. विमान तेच, मार्ग तोच, आकाशातून येणारे कणही तेच. तरी हिशेबातील परिणामी मात्रा लक्षणीय कमी झाली. विमानाच्या उंचीवर न्यूट्रॉनांचा वाटा मात्रेच्या सुमारे निम्मा असल्याने त्यांचा भार किती मानावा हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

५. गणना आणि पडताळणी

नेहमीचा बिल्ला विमानात उपयोगी का पडत नाही, हे आता स्पष्ट होईल. तो मुख्यतः क्ष-किरण व गॅमा किरणांसाठी तयार केलेला असतो. शेकडो मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रॉन त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. शिवाय महिन्याकाठी मिळणारी मात्रा त्याच्या नोंदक्षमतेच्या सीमेलगत राहते. याउलट विमानातील प्रारणक्षेत्राला एक मोठी सोय लाभलेली आहे : ते सर्वत्र पसरलेले आहे आणि, सौर उद्रेकांचे अपवाद सोडल्यास, मंद गतीने बदलणारे आहे. एकाच विमानातील सर्व व्यक्तींना जवळजवळ सारखीच मात्रा मिळते. म्हणून व्यक्तीऐवजी उड्डाणाचा हिशेब ठेवणे पुरेसे ठरते.

हा हिशेब संगणकीय आज्ञावलींनी केला जातो. अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाची 'कारी', जर्मनीत विकसित झालेली 'एपकार्ड', कॅनडातील 'पीसीएअर' आणि फ्रान्समधील 'सीव्हर्ट' ही त्यांची परिचित उदाहरणे होत. बहुतेकांची मांडणी सारखी असते. प्राथमिक किरणांचा वर्णपट आणि सौरस्थिती घेऊन वातावरणातील वर्षावाचे चित्र तयार केले जाते. त्यासाठी पुष्कळदा यादृच्छिक संख्यांवर आधारलेली माँटे कार्लो पद्धती वापरतात. मार्गावरील प्रत्येक बिंदूसाठी उंची व भूचुंबकीय उंबरठा यांवरून मात्रेचा दर काढून त्याला त्या टप्प्यातील वेळेने गुणले जाते आणि सर्व टप्प्यांची बेरीज केली जाते. काही आज्ञावलींचा पाया मात्र प्रत्यक्ष उड्डाणांत केलेल्या मापनांवर उभारलेला आहे.

पडताळणीसाठी विमानात ऊतकसदृश प्लास्टिक व वायू वापरलेले विशेष गणक नेले जातात. ते परिणामी मात्रा मोजत नाहीत. तिच्या जवळची, मोजता येण्याजोगी एक पर्यायी राशी मोजतात आणि आज्ञावलीने काढलेल्या त्याच राशीशी तिची तुलना केली जाते. अशा तुलनांत गणना आणि मापन साधारणपणे ३० टक्क्यांच्या आत जुळतात. प्रारण संरक्षणाच्या व्यवहारात ही अचूकता पुरेशी मानली जाते.

६. एक स्पष्टीकरणात्मक उदाहरण

मुंबई ते लंडन हे साडेनऊ तासांचे उड्डाण विचारात घेऊ. पुढील दर केवळ पद्धती समजण्यासाठी पूर्णांकाजवळ घेतले आहेत. चढण व उतरण मिळून एक तास, सरासरी दर ताशी १ मायक्रोसीव्हर्ट. कमी अक्षांशांवरील साडेतीन तास, दर २.५, मध्यम व उच्च अक्षांशांवरील पाच तास, दर ४. यांची बेरीज १ + ८.७५ + २० = २९.७५, म्हणजे सुमारे ३० मायक्रोसीव्हर्ट किंवा ०.०३ मिलिसीव्हर्ट होते.

जगातील सरासरी व्यक्तीला सर्व नैसर्गिक स्रोतांपासून वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. त्या मानाने हे एक उड्डाण म्हणजे साडेचार दिवसांची नैसर्गिक मात्रा होय. कधीतरी परदेशी जाणाऱ्या प्रवाशाने यामुळे चिंतित होण्याचे कारण नाही.

हाच हिशेब विमानकर्मींसाठी केल्यास चित्र बदलते. अशा मार्गांवर वर्षाला ८०० तास उड्डाण केल्यास मात्रा सुमारे २.५ मिलिसीव्हर्ट होते; म्हणजे निसर्गतः मिळणाऱ्या मात्रेइतकीच आणखी एक मात्रा. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने प्रारणक्षेत्रातील कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. सामान्य जनतेसाठी ती १ मिलिसीव्हर्ट आहे. विमानकर्मींची मात्रा पहिल्या मर्यादेच्या पुष्कळ खाली, परंतु दुसऱ्या आकड्याच्या वर राहते.

सर्वांत महत्त्वाची बाब गर्भवती महिला कर्मचाऱ्यांची आहे. गर्भारपण जाहीर झाल्यानंतर उर्वरित काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. विश्वकिरणांचे दुय्यम कण इतके भेदक असतात की आईच्या शरीराचा आडोसा गर्भाला फारसा लाभत नाही. म्हणून आईची मात्रा हीच गर्भाची मात्रा मानली जाते. वरील मार्गावर जाऊन-येऊन १६ फेऱ्यांत ०.९५ मिलिसीव्हर्ट मात्रा होते. सतराव्या फेरीत दंडक ओलांडला जातो. वर्षाला ८०० तासांच्या वेगाने ही स्थिती पाच महिन्यांच्या आत येते. येथे अनुमानातील ३० टक्क्यांचा फरकही दीड महिन्याच्या कामाइतका ठरतो. गर्भारपणाचे पहिले आठवडे पुष्कळदा नकळत जातात हे ध्यानात घेता, हा हिशेब महिला कर्मचाऱ्यांना आधीपासून माहीत असणे आवश्यक आहे.

७. सौर उद्रेक : अनुमानातील दुखरी जागा

वरील सर्व गणना स्थिर स्थितीसाठी आहे. क्वचित प्रसंगी सूर्यावरील उद्रेकातून इतक्या ऊर्जेचे प्रोटॉन बाहेर पडतात की त्यांचा परिणाम भूपृष्ठावरील न्यूट्रॉन मापकांवरही उमटतो. २३ फेब्रुवारी १९५६ आणि २० जानेवारी २००५ रोजी झालेले उद्रेक यांपैकी ठळक होत. १९५६ च्या घटनेत उच्च अक्षांशांवरील एका उड्डाणातच काही मिलिसीव्हर्ट मात्रा मिळाली असती, असे नंतर केलेली अनुमाने सांगतात. असा उद्रेक काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि त्याची निश्चित पूर्वसूचना मिळत नाही. विमान खाली आणणे किंवा कमी अक्षांशांकडे वळविणे एवढाच उपाय वैमानिकाच्या हाती राहतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या योजनेनुसार नोव्हेंबर २०१९ पासून अवकाश-हवामान केंद्रे विमानसेवांना यासंबंधी सूचना देऊ लागली. दक्षिण भारतासारख्या उच्च उंबरठ्याच्या प्रदेशात अशा उद्रेकांचा प्रभाव अत्यल्प असतो.

८. नियमन आणि जोखीम

आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० च्या शिफारशींत विमानकर्मींना मिळणारी मात्रा ही व्यावसायिक मात्रा मानावी असे सुचविले. युरोपीय संघाने १९९६ च्या निर्देशाद्वारे वर्षाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू शकणाऱ्या कर्मींची मात्रा ठरविणे, कामाचे वेळापत्रक आखताना ती लक्षात घेणे, कर्मींना आरोग्यविषयक जोखमीची माहिती देणे आणि गर्भवतींना संरक्षण देणे ही जबाबदारी मालकावर टाकली. २०१३ च्या निर्देशाने ही व्यवस्था पुढे चालविली. आयोगाने २०१६ मध्ये केवळ विमानवाहतुकीतील विश्वकिरणांसंबंधी स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला.

या मात्रेचा आरोग्याशी नेमका संबंध काय, याविषयी संयमाने बोलणे आवश्यक आहे. आयोगाच्या गुणकानुसार प्रौढ कामगारांत प्रत्येक सीव्हर्टमागे कर्करोगाची जोखीम सुमारे ४.१ टक्क्यांनी वाढते असे मानले जाते. तीस वर्षे दरसाल २.५ मिलिसीव्हर्ट घेतल्यास एकूण ७५ मिलिसीव्हर्ट होतात. म्हणजे दर हजार व्यक्तींमागे सुमारे तीन. परंतु हा गुणक मुख्यतः मोठ्या मात्रांच्या अनुभवावरून सरळ रेषेत खाली आणलेला आहे आणि तो समूहासाठी आहे. एखाद्या व्यक्तीचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही. विमानकर्मींच्या अनेक अभ्यासांत त्वचेचा मेलॅनोमा व स्तनाचा कर्करोग यांचे प्रमाण अधिक आढळले आहे. तथापि रात्रपाळी, बदलत्या कालविभागांमुळे बिघडणारे शरीराचे दैनिक चक्र, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि उशिरा होणारे मातृत्व यांचा प्रभाव विश्वकिरणांच्या प्रभावापासून वेगळा काढणे अद्याप साधलेले नाही.

९. समारोप

विमानातील प्रारण-मात्रेच्या अनुमानात तीन थर दिसतात. कणांचे क्षेत्र हा पहिला थर निसर्गनियमांचा असून तो चांगल्या रीतीने ज्ञात व मापनाने तपासलेला आहे. भारगुणकांचा दुसरा थर संकेतांचा आहे. नवा पुरावा आला की तो बदलतो आणि त्याबरोबर आकडाही बदलतो. अल्प मात्रेच्या जोखमीचा तिसरा थर सर्वांत अनिश्चित आहे. हे तीन थर एकाच आकड्यात मिसळले गेले, तर एकीकडे अकारण भीती आणि दुसरीकडे अकारण निश्चिंती निर्माण होते.

मात्र अनिश्चितता हे हिशेब न ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. उड्डाणाचा मार्ग, उंची आणि वेळ यांची नोंद विमान कंपन्यांकडे असतेच. आज्ञावली उपलब्ध आहेत. गणनेचा खर्च अल्प आहे. वर्षानुवर्षे ही मात्रा घेणाऱ्या कर्मचाऱ्याला, विशेषतः गर्भवती महिलेला, आपला आकडा माहीत असणे आणि त्यानुसार कामाची आखणी होणे ही तिच्यावरील मेहेरबानी नव्हे. क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्याला बिल्ल्यामुळे जे मिळते, तेच विमानकर्मीला या अनुमानामुळे मिळावयास हवे.